शुगरचा डोळा की मानेची रक्तवाहिनी? उदगीरच्या मुनीमांचं प्रकरण

रुग्ण ६१ वर्षांचे पुरुष, उदगीरच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर मुनीम. मधुमेह १६ वर्षांचा, ब्लडप्रेशरची गोळी चालू, विडी तरुणपणापासून. तक्रार डाव्या डोळ्याची. (वय आणि ओळख पटेल असे इतर तपशील बदलले आहेत.)

लातूरला माझ्याकडे येईपर्यंत त्यांची फाईल चांगलीच जाड झाली होती. चष्म्याचे दोन नंबर, सूज उतरावी म्हणून डाव्या डोळ्यात दिलेल्या दोन इंजेक्शनांच्या नोंदी, "डायबेटिक रेटिनोपॅथी, डावीकडे जास्त" (म्हणजे शुगरनं डोळ्याचा पडदा बिघडलाय) असा शेरा, आणि शेवटी मोतीबिंदू काढून घेण्याचा सल्ला. यातलं एकेक बघितलं तर काहीच वावगं नव्हतं. शुगर होती, थोडी सूज होती, थोडा मोतीबिंदूही होता. मला खटकला तो "डावीकडे जास्त" हा शेरा. दोन्ही डोळ्यांना तीच साखर आणि तेच प्रेशर मिळतं. उजव्या डोळ्यात चार-दोन लाल ठिपके आणि डाव्यात निम्म्या पडद्यावर रक्ताचे डाग, एवढी तफावत असेल तर त्याला शुगरशिवाय आणखी एखादं कारण शोधावं लागतं.

फाईलमध्ये नसलेली गोष्ट मुनीमांनी स्वतःच सांगितली, तीही उठता उठता. सोयाबीनचा सौदा बाहेर ओट्यावर उन्हात होतो. तो उरकला की ते दुकानात येऊन गादीवर बसतात आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या लिहायला घेतात.

"उन्हातनं आत आलो की डावा डोळा लवकर ताळ्यावर येतच नाही बघा साहेब. उजव्यानं वही दिसायला लागती, डाव्यानं नुस्ता ढग. चहा येऊन पिऊन होईस्तोवर तसंच."

मुलगा म्हणाला, "पप्पा, हे कधी बोलला नाहीत तुम्ही."

"कुणी इचारलं?"

मराठवाड्यातल्या एप्रिलच्या उन्हातून आत आल्यावर डोळ्यांपुढं अंधारी सगळ्यांनाच येते. पण ती दोन्ही डोळ्यांना सारखी येते आणि थोड्या वेळात ओसरते. प्रखर उजेडात पडद्यावरच्या पेशींमधलं रंगद्रव्य खर्ची पडतं. ते पुन्हा तयार करायला पेशींना रक्ताचा पुरवठा लागतो, आणि त्यांचा बहुतेक पुरवठा पडद्यामागच्या कोरॉइड या थरातून होतो. एकाच डोळ्याला वेळ लागत असेल तर त्या डोळ्याचा मॅक्युला (पडद्याचा मधला, बारीक बघायचा भाग) तरी बिघडलाय, नाहीतर त्याला रक्त कमी पडतंय.

याची चाचणी फुकटात होते. एक डोळा झाकायचा, दुसऱ्यात दहा सेकंद टॉर्चचा झोत टाकायचा आणि आधी वाचता येत होती ती ओळ पुन्हा वाचायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघायचं. साधारण मिनिटाच्या आत वाचता यायला हवं. मुनीमांच्या उजव्या डोळ्याला ४० सेकंद लागले. डाव्याला चार मिनिटं होऊन गेली तरी ओळ येईना. ओसीटीवर, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनवर, डावा मॅक्युला जवळजवळ कोरडा होता. म्हणजे दोषी सूज नव्हती.

बाहुली मोठी करण्याआधी

आपल्याकडे गर्दीची ओपीडी म्हणजे पेशंट आला की आधी थेंब, बाहुली मोठी झाली की मग डॉक्टर. त्यात आयरिसची, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत कड्याची, कड बघायची राहून जाते. मुनीमांना थेंबांशिवाय बसवलं. डाव्या बाहुलीच्या कडेला, खालच्या बाजूला, केसाहून बारीक दोन-तीन लाल रेषा होत्या. आयरिसवर अशा नव्या रक्तवाहिन्या फुटतात त्या डोळा उपाशी असल्यामुळे. पुढच्या कोपऱ्यातला पाण्याचा निचरा त्यांनी अजून बुजवला नव्हता, हे नशीब. डोळ्याचा दाब उजवीकडे १६, डावीकडे १०. नव्या रक्तवाहिन्या असूनही दाब कमी, ही जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. डोळ्यातलं पाणी तयार करणाऱ्या भागालाच रक्त पुरत नसेल तर दाब वाढणार कुठून?

पडदा बघितला. डावीकडे मधल्या घेरात मोठे, गोलसर रक्ताचे डाग. शिरा फुगलेल्या पण सरळ, धमन्या बारीक. मुख्य शीर तुंबली असती तर शिरा नागमोडी झाल्या असत्या आणि बहुधा डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचं तोंडही सुजलं असतं. इथं ते साफ होतं. पापणीवरून बोटानं हलका दाब दिला, तर नसेच्या तोंडाशी असलेली धमनी लगेच फडफडायला लागली. निरोगी डोळ्यात त्यासाठी बराच जास्त दाब द्यावा लागतो. इथं धमनीतला दाबच इतका पडलेला होता की बोटाचा भारही तिला पेलवेना.

नजर उजवीकडे ६/९, डावीकडे ६/२४ (पूर्ण नजर म्हणजे ६/६).

सुई न टोचता काढलेलं चित्र

आता ओसीटीए, म्हणजे ओसीटी अँजिओग्राफी. हे यंत्र आता मराठवाड्यातल्या मोठ्या गावांतूनही दिसतं आणि पेशंटलाही आवडतं, कारण सुई नाही, औषध नाही, हनुवटी टेकवून बसलं की काम झालं. मूळ ओसीटी १९९१ मधली. तिनं पडद्याचे थर दाखवले, रक्त नाही. ओसीटीएची युक्ती अशी की ती पडद्याची तीच ओळ काही मिलिसेकंदांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा स्कॅन करते आणि स्कॅन एकमेकांशी ताडून बघते. जिथं काही हललं नाही तिथं सगळे स्कॅन सारखे येतात. जिथं तांबड्या पेशी वाहतायत तिथं फरक पडतो. तो फरक पांढऱ्यात काढला की केशवाहिन्यांची जाळी उमटते. सात-आठ मायक्रॉनची तांबडी पेशी जेमतेम तेवढ्याच रुंदीच्या वाहिनीतून सरकते, आणि तिच्या निव्वळ हालचालीवरून हे चित्र तयार होतं. इतकी वर्षं बघतोय, तरी मला याचं कौतुक वाटतं.

मुनीमांच्या डाव्या डोळ्याचं चित्र विरळ आलं. मॅक्युलाच्या मधोमध सगळ्यांनाच केशवाहिन्या नसलेली अर्धा मिलिमीटरभर जागा असते. ती इथं रुंदावली होती आणि कानाकडच्या बाजूला तिची कड तुटली होती. खोलवरच्या थरातली जाळी तर निम्मी काळी. वरच्या कोपऱ्यात एक मोठा काळा पट्टाही होता. मोतीबिंदूच्या धुरकट भागाची सावली अशीच पडते, म्हणून नजर थोडी सरकवून पुन्हा स्कॅन घेतला. पट्टा जागचा हलला. तो हिशोबातून वगळला. बाकीचा काळेपणा मात्र तिथंच राहिला.

नवशिके इथं फसतात. ओसीटीएवर काळं म्हणजे तिथं रक्त नाही, असं सरळ वाचलं जातं. वास्तविक काळं म्हणजे तिथं यंत्राला पकडता येईल एवढ्या वेगानं काही हललं नाही, एवढंच. केशवाहिनी मेली असेल तरी काळं, आणि जिवंत असून तिच्यातलं रक्त रांगत असेल तरी काळंच. या दोन्हींत पेशंटच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि ओसीटीए तो सांगत नाही. रक्त केव्हा पोचलं, हे तर तिला ठाऊकच नसतं. मांजरा धरणाच्या कालव्याचा उपग्रहातून फोटो काढला तर कुठल्या चारीत ओल आहे ते कळेल. आवर्तन सुटल्यावर टेलला पाणी कितव्या दिवशी पोचलं ते त्यातून कळणार नाही. मला तेच हवं होतं, आणि त्यासाठी सुई टोचण्याशिवाय इलाज नव्हता.

रंग आणि घड्याळ

फ्लोरेसिन हा रंग १८७१ मध्ये आडोल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं बनवला. तो शिरेत टोचून डोळ्याच्या पडद्यावरून जाताना त्याचे फोटो काढायची पद्धत बसवली इंडियानातल्या हॅरोल्ड नोव्होटनी आणि डेव्हिड आल्विस या दोघांनी, तेही वैद्यकीय विद्यार्थी असताना. त्यांचा लेख नेत्रविज्ञानाच्या नियतकालिकांनी परत पाठवला आणि १९६१ मध्ये तो "सर्क्युलेशन" या हृदयविज्ञानाच्या नियतकालिकात छापून आला. आमच्या मुनीमांचं प्रकरण जिकडे गेलं ते बघता, तो तिथं छापला गेला हे बरंच झालं म्हणायचं.

टोचण्याआधी एक गोष्ट मिटवावी लागली. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.६, म्हणजे थोडं जास्त होतं आणि मुलाला कुणीतरी सांगितलं होतं की डायनं किडनी जाते. आपल्याकडे शिरेतून जाणाऱ्या सगळ्याच औषधांना "डाय" म्हणतात, त्यामुळे हा घोळ रोजचा आहे. सीटी स्कॅनला देतात तो आयोडीनचा. किडनीची खरी काळजी त्यात घ्यावी लागते. फ्लोरेसिनमध्ये आयोडीन नसतं. त्यानं त्वचा काही तास पिवळसर दिसते, लघवी दिवसभर नारिंगी होते, काहींना अर्ध्या मिनिटात मळमळतं. जिवावर बेतणारी रिॲक्शन क्वचित येते, पण येते, म्हणून ॲड्रेनॅलिनचा ट्रे शेजारी तयार ठेवूनच सुई हातात घ्यायची. हे सगळं मुलाला सांगितलं. फिजिशियनशी फोनवर बोलणं झालं. मुनीमांनी सही केली, अगदी खतावणीत करतात तशी, तारखेसकट.

एका इंजेक्शनात सुरुवातीची सेकंदं एकाच डोळ्याची टिपता येतात, कारण कॅमेरा एका वेळी एकाच डोळ्यावर असतो. कुठला डोळा धरायचा हे आधी ठरवावं लागतं. आम्ही डावा धरला. कोपरापुढच्या शिरेत २० टक्क्यांचं ३ मिली औषध एका दमात सोडलं आणि टेक्निशियननं घड्याळ चालू केलं.

खोलीत अंधार, पडद्यावर निळा उजेड. हा निळा प्रकाश पडला की रंग हिरवट-पिवळा चमकतो आणि कॅमेऱ्यापुढचा फिल्टर फक्त ती चमक आत सोडतो. हातातून हृदय, फुप्फुस, पुन्हा हृदय, मानेतली कॅरोटिड धमनी, तिथून डोळ्याची धमनी, असा प्रवास करून रंग निरोगी माणसाच्या पडद्यावर १० ते १५ सेकंदांत दिसायला लागतो. १५ झाले. २० झाले. टेक्निशियननं सुईकडे बघितलं, औषध बाहेर तर गेलं नाही ना म्हणून. सुई जागेवर होती. २७ व्या सेकंदाला कोरॉइडमध्ये एक फिकट चट्टा उजळला, त्याच्या शेजारचा भाग काळाच. मग नसेच्या तोंडातून वरच्या धमनीत रंग शिरला आणि त्याचं पुढचं टोक धमनीतून सरकताना डोळ्यांनी दिसत होतं. हे दृश्य एरवी दिसत नाही. निरोगी धमनीत रंग इतक्या झपाट्यानं धावतो की त्याचं टोक फोटोत सापडत नाही.

४० व्या सेकंदाला कॅमेरा झटकन उजव्या डोळ्यावर नेऊन दोन फोटो घेतले. धमन्या भरलेल्या, शिरा भरलेल्या, कोरॉइड एकसारखं उजळलेलं. पुन्हा डावीकडे. तिथं शिरांच्या दोन्ही काठांनी रंगाच्या बारीक रेघा नुकत्याच आल्या होत्या, मधला भाग काळा. उजवीकडे जो टप्पा केव्हाच मागे पडला होता, तिथं डावा आत्ता पोचत होता. कोरॉइडमधले काळे चट्टे मिनिट उलटलं तरी पुरते भरले नव्हते. उशिराच्या फोटोंत धमन्यांच्या भिंतींनीच रंग धरलेला दिसला.

रंग उशिरा येण्याची कारणं बरीच असतात. टोचणारा हात सावकाश असतो, शीर बारीक असते, हृदय कमकुवत असतं. पण या सगळ्यांत दोन्ही डोळे सारखेच मागे पडतात. एकच डोळा मागे पडला तर अडथळा त्या डोळ्याच्याच वाटेवर आहे. शिवाय निरोगी डोळ्यात कोरॉइड पाचेक सेकंदांत भरून होतं. इथं त्याला मिनिटाहून जास्त लागलं, आणि याला नुसत्या शुगरच्या माथी मारता येत नाही.

मानेपर्यंत

या आजाराला ऑक्युलर इस्केमिक सिंड्रोम म्हणतात. मेयो क्लिनिकच्या कर्न्स आणि हॉलनहॉर्स्ट यांनी १९६३ मध्ये त्याचं पडद्यावरचं रूप लिहून ठेवलं. यात मानेतली अंतर्गत कॅरोटिड बहुधा ९० टक्के किंवा त्याहून जास्त चोंदलेली सापडते. मानेवर स्टेथोस्कोप ठेवला, अरुंद वाटेतून रक्त घुसताना येतो तो आवाज आला नाही. तेवढ्यावर सोडून द्यायचं नसतं. वाट फारच अरुंद झाली की आवाजही मावळतो.

त्याच दिवशी मानेचा कलर डॉपलर, म्हणजे रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी, झाला. डाव्या अंतर्गत कॅरोटिडच्या सुरुवातीलाच गाठीसारखा थर आणि त्यापुढं रक्ताचा वेग सेकंदाला ३८० सेंटिमीटर. तिथं २३० च्या वर वेग गेला की ७० टक्क्यांहून जास्त अरुंदपणा धरतात. उजवीकडे थर होता, पण ५० टक्क्यांच्या आत.

मग रेडिओलॉजिस्टना विनंती केली की मिटलेल्या पापणीवर प्रोब ठेवून डोळ्याची धमनीही बघा. हे सहसा कुणी मागत नाही, त्यांनी मात्र आनंदानं केलं. उजवीकडे डोळ्याच्या धमनीतलं रक्त प्रोबकडे येत होतं, म्हणजे लाल. डावीकडे त्याच जागी निळं. रक्त उलट्या दिशेनं वाहत होतं. मेंदूकडची मुख्य वाट जवळपास बंद झाल्यावर चेहऱ्याच्या आणि कपाळाच्या धमन्यांतून रक्त मागच्या दारानं डोळ्याच्या धमनीत शिरत होतं आणि तिथून पुढं मेंदूकडे ओढलं जात होतं. डोळ्याला मिळत होतं ते वाटेवरचं उरलंसुरलं. भुवईवर ठणकतं असं मुनीम बोलून गेले होते आणि ते चष्म्यामुळे असेल असं त्यांनीच ठरवून टाकलं होतं. त्या ठणक्याचा उलगडा इथं झाला.

इथून पुढं डोळा दुय्यम. या पेशंटांपैकी सुमारे ४० टक्के पाच वर्षांत दगावतात असा जुना आकडा आहे, आणि त्यात सर्वांत जास्त हृदयविकारानं. अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९१ मध्ये आले. ज्यांना त्रास झालेला आहे आणि कॅरोटिड ७० ते ९९ टक्के बंद आहे, अशांमध्ये दोन वर्षांत त्या बाजूचा पक्षाघात नुसत्या औषधांवर २६ टक्क्यांना झाला, शस्त्रक्रिया केलेल्यांत ९ टक्क्यांना. डोळ्याची उपासमार हाही "त्रास"च धरतात. हे आकडे मुलाला समजावून सांगितले. मुनीम ऐकत होते. त्यांनी एकच विचारलं, "म्हंजी डोळ्याचं इंजेक्शन नको आता?"

इंजेक्शन लागलंच, पण सुजेसाठी नव्हे तर आयरिसवरच्या नव्या वाहिन्या दबाव्यात म्हणून, आणि मागोमाग पडद्यावर लेझर. यात घाई करण्याचं कारण होतं. मानेची वाट मोकळी झाली की डोळ्यातलं पाणी बनवणाऱ्या भागाला पुन्हा रक्त मिळतं. तोवर नव्या वाहिन्यांनी निचरा बुजवला असेल तर दाब एकदम उसळतो आणि आहे तीही नजर जाते. म्हणून शल्यचिकित्सकांना दिलेल्या चिठ्ठीत डोळ्याचा दाब आणि कोपऱ्याची स्थिती आकड्यांसकट लिहून दिली आणि ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्यातच दाब तपासायला सांगितलं.

फिजिशियननं ॲस्पिरिन आणि स्टॅटिन सुरू केलं, टूडी इको झाला. भाचा हैदराबादला असल्यामुळे ऑपरेशन तिकडेच ठरलं. उदगीरकरांना तशीही ती वाट सवयीची. सीटी अँजिओग्राफीत आयोडीनचा डाय जाणार होता, म्हणून आधी सलाईन देऊन, क्रिएटिनिनवर लक्ष ठेवून ती केली. मग कॅरोटिड उघडून आतला थर काढला.

नंतर

दाब १० वरून १९ वर गेला आणि तिथंच थांबला. आयरिसवरच्या रेषा सुकल्या. टॉर्चच्या चाचणीत डाव्या डोळ्याला आता ७० सेकंद लागतात.

ओसीटीए पुन्हा केली तेव्हा खोलच्या थरातला बराचसा काळा भाग उजळलेला होता. वर म्हटलेला मुद्दा इथं डोळ्यांनी बघायला मिळाला: त्या केशवाहिन्या मेलेल्या नव्हत्या, त्यांच्यातलं रक्त यंत्राच्या वेगमर्यादेखाली रांगत होतं. कानाकडची तुटलेली कड मात्र तशीच काळी आहे आणि ओसीटीवर त्याच जागी पडद्याचे आतले थर पातळ झालेत. ते नुकसान आता कायमचं. नजर ६/१८ वर थांबली.

असममित, म्हणजे दोन डोळ्यांत कमीजास्त असलेल्या, रेटिनोपॅथीच्या पेशंटला निव्वळ ओसीटीए करून सोडू नये, हे माझं मत या प्रकरणाआधीही होतं. सुई टाळल्याचं समाधान पेशंट आणि डॉक्टर दोघांनाही असतं, पण दोन डोळ्यांत एवढी तफावत दिसली तर रंग टोचून घड्याळ लावलंच पाहिजे. ती सोय नसेल तिथं टॉर्च आणि मनगटावरचं घड्याळ असतंच, आणि मानेचा डॉपलर आता तालुक्याच्या गावीही होतो.

उजव्या कॅरोटिडचा डॉपलर दर सहा महिन्यांनी ठरलाय. विडी "कमी केली" आहे, म्हणजे सुटलेली नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून लांबणीवर आहे, पण ॲस्पिरिन चालू आहे म्हणून नव्हे; ते चालू ठेवूनही मोतीबिंदू काढता येतो. आयरिस आणखी काही महिने शांत राहिलेली बघायची आहे. मुनीम दर खेपेला विचारतात, दिवाळीनंतर सोयाबीनची आवक वाढायच्या आत उरकेल का म्हणून. या दिवाळीआधी नाही, एवढं त्यांना स्पष्ट सांगितलंय.